कलम सात : पडदा काळा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला तुर्की येत नव्हतं. आजही येत नाही. बहरीनमध्ये सित्र्याच्या प्लांटवर माझ्याबरोबर एक तुर्की फोरमन होता, त्याच्याकडून मी आठ-नऊ शब्द उचलले होते. त्यातले चार व्हॉल्व्हचे, दोन चहाचे आणि उरलेले शिव्यांचे. एवढ्या भांडवलावर मी सनाबिसच्या एका तीन मजली इमारतीत पाच महिने तुर्की मालिकेचा मराठी अनुवाद केला, तोही धडाधड, न अडखळता. अडखळण्याचं कारणच नव्हतं. ज्याला मूळ काय आहे ते कळतं, तो माणूस अडखळतो.

नव्वदीच्या मधली वर्षं ती. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, मूळचा नागपूरचा. लग्नानंतर दोन वर्षं बायको तिकडे आणि मी इकडे, असं चाललं होतं. फॅमिली व्हिसा झाला तेव्हा तिने शाळेतून एका वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि आली. विज्ञान शिकवायची ती. आली ती ऐन जुलैत. बाहेर पाऊल टाकलं की चपलेचा तळवा डांबराला चिकटायचा. मी पहाटे कंपनीच्या बसने सित्र्याला जाणार, दुपार कलल्यावर येणार, तोवर ती, एसीचा घरघराट आणि चार भिंती. चाळीस पोरांच्या गोंगाटात उभी राहणारी बाई. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आज दिवसभरात मी एक शब्द बोलली नाही. आता बोलून राहिली तो पहिला."

तिच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र टीव्हीखालच्या कप्प्यात होतं. रजा एका वर्षाची, उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी हजर राहा, नाहीतर राजीनामा पाठवा, असा त्यातला सरळ मजकूर. ते पत्र ती मधूनमधून काढून वाचायची. वाचून माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "पाहू ना. अजून लय वेळ आहे. इंशाल्ला होईल काहीतरी." बहरीनमध्ये राहून मी एवढं नक्की शिकलो होतो की इंशाल्ला म्हटलं की विषय सभ्यपणे संपतो. तिला परत जाऊ द्यायचं माझ्या मनात नव्हतं. पुन्हा एकट्याने खबूसची रोटी आणि डाळ खात बसायचं या कल्पनेनेच मला धडकी भरायची. पण "जाऊ नको" म्हणायची हिंमत नव्हती आणि "जा" म्हणायची दानत नव्हती.

मग हिवाळ्यात शमाल सुटला. उत्तरेकडून येणारा तो वारा तीन दिवस नुसता धूळ फेकत होता. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक मोठी जाळीची डिश होती. ती आमची तिघांची मिळून. तळमजल्यावर आम्ही, मधल्या मजल्यावर अकोल्याचा एक ड्राफ्ट्समन, माझा मित्र, ब्रह्मचारी. वरच्या मजल्यावर पुण्याचे एक अकाउंटंट आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी. रिसीव्हर एकच, आमच्या घरात, आणि तिथून वायरी वर गेलेल्या. शमालने डिशचं तोंड फिरवलं. हिंदी चॅनेल गेलं आणि त्या जागी पडद्यावर थोड्या मुंग्या, आणि मुंग्यांच्या मागे समुद्राकाठचं एक घर, एक देखणी बाई, आणि फाडफाड बोलणं.

"ही कोणती भाषा?" बायकोने विचारलं.

"तुर्की," मी म्हणालो. त्यातल्या एका माणसाने चहा मागितला होता, तो शब्द मला येत होता.

"तुम्हाला समजते?"

इथे मी खरं बोललो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती टीव्हीकडे वाकून बसली होती. डोळे चमकत होते. मी म्हटलं, "समजते ना. रोज फोरमनबरोबर बोलतो मी."

"मग सांगा, काय बोलून राहिली ती?"

ती बाई खांद्याला पिशवी अडकवून दाराबाहेर पडत होती आणि नवरा दारात उभा राहून काहीतरी म्हणत होता. मी म्हणालो, "ती म्हणते, बाजारात जाऊन येतो. तो म्हणते, लवकर ये, तुझ्याशिवाय घर खायला उठते."

बायको हसली. त्या हसण्यावर मी पुढचे पाच महिने काढले.

माझ्या अनुवादातली गोष्ट थोडक्यात अशी. एक बाई लग्न होऊन समुद्राकाठच्या घरी येते. सुरुवातीला तिला करमत नाही. नवरा फार चांगला, फक्त जरा अबोल. हळूहळू तिचं मन रमतं. दर दोन-तीन दिवसांनी ती बाजारात जाते. कधीकधी ती खिडकीशी उभी राहून रडायची, तेव्हा मी सांगायचो, आनंदाने रडून राहिली, माहेरचं पत्र आलं. नवरा ओरडायचा तेव्हा त्याच्या ऑफिसात टेन्शन असायचं. एका भागात त्याने भिंतीवर ताटली फेकली. मी म्हणालो, तिकडे लग्नाच्या वाढदिवसाला फोडतात.

हे आमच्या दोघांत राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनींचं हिंदी चॅनेल गेलं होतं ना! त्या खाली विचारायला आल्या आणि बसल्या. दुसऱ्या दिवशी विणकाम घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी अकोल्याचा गडी आला, आणि मग "बघू तरी काय चाललंय" म्हणत अकाउंटंट आले. संध्याकाळी सातला माझं घर भरायला लागलं. आपापले टीव्ही वर काळे ठेवून सगळे माझ्याकडे, कारण अनुवाद वायरीतून वर जात नव्हता.

आता प्रश्न आला डिशचा. हिंदी हवं तर डिश एकीकडे, तुर्की हवं तर दुसरीकडे, आणि फिरवायची हाताने, गच्चीवर जाऊन. ड्राफ्ट्समनने माप घेऊन खांबावर दोन रेघा मारल्या. लाल रेघेवर हिंदी, निळ्या रेघेवर तुर्की. कुणी कधी फिरवायची यावर दोन दिवस भांडण झालं आणि तिसऱ्या दिवशी जे व्हायचं तेच झालं. समिती स्थापन झाली.

आम्हा लोकांना समिती केल्याशिवाय चैन पडत नाही. अकोल्याच्या माझ्या मित्राने कॉलेजपासून जयंती उत्सवाच्या समित्या चालवल्या होत्या, लेखी नियमांशिवाय तो चहासुद्धा पीत नसे. "घटना पाहिजे भाऊ. घटनेशिवाय राज्य चालते काय?" तो म्हणाला. अकाउंटंटना तर अशा कामाची भूक होतीच. एका शुक्रवारी बसून दोघांनी डिश समितीची घटना लिहिली. तिची सुरुवात होती, "आम्ही, या इमारतीचे प्रेक्षक". अकाउंटंट अध्यक्ष, ड्राफ्ट्समन उपाध्यक्ष, मी सचिव. वहिनी आणि माझी बायको सदस्य. सकाळी निळी रेघ, कारण तेव्हा वहिनींचा स्वयंपाक आणि पूजा असायची आणि हिंदीला वालीच नसायचा. दुपारी लाल. संध्याकाळी सात ते आठ निळी. डिशला परवान्याशिवाय हात लावू नये, सभेचं इतिवृत्त ठेवावं, इत्यादी सहा कलमं झाली.

सातवं कलम माझ्या तोंडाळपणाने आलं. त्याच आठवड्यात चहाच्या सुटीत फोरमनने मला या चॅनेलची कुळकथा सांगितली होती. त्याच्या देशात पूर्वी कायदा होता की प्रसारण फक्त सरकारने करायचं. मग काही बहाद्दरांनी शेजारच्या नाही, चांगल्या लांबच्या देशात जाऊन तिथून उपग्रहावर कार्यक्रम सोडायला सुरुवात केली. कायद्यात "देशात" असं लिहिलं होतं, आकाशाचं कुणी लिहिलंच नव्हतं. सांगताना फोरमन मांडीवर थाप मारून हसला. एकदा सरकारने खासगी रेडिओ बंद पाडले तर लोकांनी गाड्यांच्या एरियलला काळ्या फिती बांधल्या. शेवटी सरकारने हात टेकले, खासगी चॅनेलं मान्य केली, पण डोक्यावर एक मंडळ बसवलं. चॅनेलने नको ते दाखवलं की मंडळ हुकूम काढतं, आणि चॅनेलचा पडदा पूर्ण दिवस काळा. "यू अंडरस्टँड? होल डे ब्लॅक. फिनिश. खलास." आमचं हे चॅनेल कुणाच्या खिशातलं नव्हतं, म्हणून त्याला अशी तंबी वरचेवर मिळायची.

मी ही गंमत समितीत सांगितली. कुणी हसलं नाही. अकाउंटंटनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तरतूद चांगली आहे." झालं, कलम सात : नियमभंग करणाऱ्याचा पडदा समितीच्या बहुमताने एक ते तीन दिवस काळा करण्यात येईल. त्या कलमाखाली शेवटी कोण बळी जाणार याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

फेब्रुवारीत फोरमनने आम्हाला रिफ्याला घरी जेवायला बोलावलं. मी मनातून टरकलो. दोन तुर्की माणसं समोर आणि माझी बायको शेजारी! मी एकच युक्ती केली, पूर्ण वेळ तोंडात घास ठेवला. कुणी काही विचारलं की मी हाताने खुणावायचो, थांबा, खातोय. दोन दिवस मला दुसरं जेवण लागलं नाही. फोरमनची बायको पूर्वी कुठल्याशा परदेशी कंपनीत टायपिस्ट होती, इंग्रजी बरं बोलायची. दोघी बायका स्वयंपाकघरात गेल्या त्या तासभर बाहेर आल्या नाहीत. परतताना बायको गाडीत खूश होती. मीही खूश होतो, माझं पितळ उघडं पडलं नव्हतं.

त्यानंतर एक गोष्ट व्हायला लागली. सकाळी अकराच्या सुमारास मी प्लांटवरून घरी फोन केला की तो एंगेज. रोज. मी समजायचो, वहिनींशी बोलत असेल. वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, त्यांना फोन कशाला लागेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग सकाळी अकराला पुन्हा दाखवतात, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असून जोडल्या नाहीत, यालाच टेक्निशियन म्हणतात.

आणि मग राखी आली. मालिकेत एक सूटवाला माणूस अधूनमधून यायचा, हातात कागदांची चळत घेऊन. एका भागात त्याच्या मनगटाला काच लागली आणि नायिकेने आपला रुमाल फाडून त्याच्या हाताला बांधला. वहिनींनी विणकाम थांबवलं. "भाऊजी, हे काय? राखी का हो?"

माझ्या घरी राखीचं फारसं प्रस्थ नव्हतं, आमची पौर्णिमा विहारात जायची. पण वहिनींचा चेहरा इतका उजळला होता की मला मोडवेना. शिवाय तो सूटवाला वारंवार घरी का येतो याचं सोयीचं कारण मला पाहिजेच होतं.

"हो वहिनी. त्यांच्याकडेही असते. मानलेला भाऊ आहे तो."

"बघा! म्हणजे सगळीकडे संस्कृती एकच." त्या अकाउंटंटना म्हणाल्या. अकाउंटंटनी मान डोलावली. माझी बायको एकदम उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं फोडणीचा ठसका.

पुढचे सहा आठवडे तो माणूस आमच्या इमारतीचा भाऊ होता. आला की वहिनी म्हणायच्या, "आला बाई हिचा पाठीराखा." आणि एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, सात वाजून चाळीस मिनिटांनी, त्या पाठीराख्याने नायिकेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिचं चुंबन घेतलं. तिनेही घेतलं. चांगलं सावकाश.

वहिनींच्या हातातली सुई खाली पडली. अकोल्याचा मित्र पुटपुटला, "अरे बाप्पा!" अकाउंटंट उठून उभे राहिले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण भाऊ-बहिणीच्या तोंडी त्या क्षणी घालण्यासारखं वाक्य जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हतं.

तातडीची सभा तिथेच भरली. अकाउंटंट कडाडले, "हे चॅनेल विकृत आहे. राखी बांधलेल्या भावाशी! कलम सात लावा. कायमचं." ड्राफ्ट्समन म्हणाला कलमात जास्तीत जास्त तीन दिवस आहेत, घटनेबाहेर जाता येणार नाही. मी काकुळतीला आलो. हे चॅनेल गेलं तर संध्याकाळी सात वाजता माझ्या घरात उरणार ते पत्र. मी म्हणालो, कलाकारांचा दोष, चॅनेलचा नाही. मतदान झालं. तीन दिवस काळा पडदा. बंदीचा निषेध म्हणून अकोल्याच्या पठ्ठ्याने गच्चीवर जाऊन डिशच्या कडेला काळी फीत बांधली, फोरमनच्या गोष्टीतल्यासारखी. त्या तीन दिवसांत बायकोने ते पत्र दोनदा काढलं. एकदा तर माझ्यासमोर बसून म्हणाली, "मला तुमच्याशी बोलायचं आहे." मी म्हणालो, "परवा मालिका सुरू होते ना."

अकाउंटंटचं एवढ्याने भागलं नाही. त्यांनी चॅनेलला पत्र लिहिलं. पुण्यात असताना ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचे, ती सवय हाडात होती. इंग्रजीत दोन पानं, टाइप केलेली, रजिस्टर्ड. बंधनाच्या पवित्र धाग्याने जोडलेल्या भाऊ-बहिणीचं आपण जे दर्शन घडवलंत त्याबद्दल एक जागरूक प्रेक्षक म्हणून, वगैरे. ते पत्र इस्तंबूलमध्ये कुणी उघडलं असेल तर त्या माणसाचं काय झालं असेल, हा विचार करून मी आजही एकटा हसतो.

साधारण महिन्याभराने, मेच्या शेवटी, संध्याकाळी सातला आम्ही सगळे जमलो. मी टीव्ही लावला. पडदा काळा. डिश निळ्या रेघेवर होती, वायर ठीक होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सात-आठ ओळी होत्या, हलत नव्हत्या, आवाज नव्हता.

मी ओळखलं. मंडळाचा हुकूम. सकाळीच फोरमन म्हणाला होता की चॅनेलवर एका चर्चेत कुणीतरी सरकारला झोंबेल असं बोललं, दोन तंब्या आधीच झाल्या होत्या, आज पडदा गेला. तो म्हणाला, तिकडे गावी माझी म्हातारी आई आज दिवसभर टीव्ही चालूच ठेवेल, समोर बसून चहा पिईल, त्यांना कळू दे की आम्ही बसलो आहोत. हे मी सरळ सांगायला हवं होतं.

पण अकाउंटंट पुढे सरकले होते. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "पत्राला महिना झाला, म्हणून विचारतो."

मला मोह आवरला नाही. मी घसा साफ केला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं, "बहरीन येथील एका जागरूक प्रेक्षकाच्या लेखी तक्रारीची गंभीर दखल घेऊन, भाऊ-बहिणीच्या नात्याचा अवमान केल्याबद्दल, हे चॅनेल आज दिवसभर बंद ठेवण्यात येत आहे. तसदीबद्दल क्षमस्व."

अकाउंटंट एकदम खाली बसले. डोळ्यांत पाणी. आयुष्यभर त्यांनी पत्रं लिहिली होती, खड्ड्यांबद्दल, लाऊडस्पीकरबद्दल, पोस्टाच्या रांगेबद्दल. एकाही पत्राने काही हललं नव्हतं. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला गंमत वाटायची थांबली, पण आता उशीर झाला होता. ते उठले आणि जिन्याकडे धावले. "कॅमेरा आणतो. पडद्याचा फोटो घ्यायला हवा. अनुवादासकट पुण्याला वर्तमानपत्राला पाठवतो."

"दादा, थांबा," माझी बायको म्हणाली.

ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. फळ्यासमोर उभी राहावी तशी. आणि तिने त्या ओळी वाचल्या. आधी तुर्कीत, हळूहळू, एकेक अक्षर जोडत. मग मराठीत. प्रसारण मंडळाच्या निर्णयावरून, अमुक कायद्याच्या अमुक कलमाचा भंग केल्याबद्दल, आमचं प्रसारण एक दिवस थांबवण्यात आलं आहे. उद्या पुन्हा भेटू.

"यात बहरीन नाही दादा. तुमचं पत्र नाही. पेपरात दिलं असतं तर लोक हसले असते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तो तिचा भाऊ नाही. वकील आहे."

मला घामाने भिजवायला बहरीनच्या जुलैची गरज नव्हती. सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीपासून ती रोज सकाळी अकराला रिफ्याला फोरमनच्या बायकोला फोन लावायची. दोघी आपापल्या घरी तीच मालिका पाहायच्या, ती बाई इंग्रजीत सांगायची, माझी बायको वहीत शब्द लिहायची. मी कपाळावर हात मारला.

"मग मला थांबवलं काहून नाही?" मी विचारलं.

"पाहून राहिली होती," ती म्हणाली, "कुठवर जाता ते."

कलम सात लावायला या वेळी एक मिनिट लागलं. आरोप : सचिवांनी पाच महिने खोटं प्रसारण केलं. अकाउंटंट अध्यक्षपदावरून बोलले, आणि खरं सांगतो, इतक्या वाईट दिवशीही त्यांनी आवाज चढवला नाही, त्याची मला जास्त लाज वाटली. "तीन दिवस सचिवांचं तोंड बंद. स्वतःच्या घरात, मालिकेच्या समोर. अनुवाद सौभाग्यवती करतील." एकमताने मंजूर. इतिवृत्त मलाच लिहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पडदा उजळला आणि मी माझ्याच घरात मुका होऊन बसलो. खरी मालिका मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्या बाईचं लग्नाआधी स्वतःचं औषधाचं दुकान होतं. नवऱ्याने ते बंद करायला लावलं होतं, थोड्या दिवसांसाठी म्हणून. पिशवी घेऊन ती बाजारात जात नव्हती, दुकान परत मिळवायला वकिलाकडे जात होती. खिडकीशी ती आनंदाने रडत नव्हती. ताटली वाढदिवसाची नव्हती. वहिनी ऐकता ऐकता विणकाम विसरल्या. "म्हणजे राखी नव्हतीच तर," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "मग ठीकच केलं हो तिनं." अकाउंटंटनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मी दोन संध्याकाळी जीभ दाताखाली धरून बसलो होतो. प्रत्येक प्रसंगाला मला माझं वाक्य आठवायचं, आणि माझं वाक्य कुणाच्या सोयीचं होतं ते आता सगळ्या खोलीला दिसत होतं. तिकडच्या मंडळाला मी इतके दिवस हसत होतो. माझ्या घरी मंडळ मीच होतो, आणि मला तर पडदा काळासुद्धा करावा लागला नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी ती बाई दुकानापाशी आली. नवरा बंद शटरसमोर उभा होता. ती आमच्याकडे पाठ करून होती, चेहरा दिसत नव्हता. ती बोलली. नवऱ्याने मान खाली घातली.

बायकोने अनुवाद केला. नेहमीपेक्षा हळू. "ती म्हणते, मी जाणार आहे हे मी तुला तीनदा सांगायला आली. तू दरवेळी दुसरंच काहीतरी सांगत बसला."

ती पडद्याकडेच पाहत होती. मला बोलायचं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला खरं काहीतरी होतं, पण माझी शिक्षा आठ वाजेपर्यंत होती. आणि आठ वाजल्यावर सगळे उठून गेले तेव्हाही मला शब्द सापडला नाही. तिने टीव्ही बंद केला, कप्प्यातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पोळ्या करायला गेली.

सकाळी चहाच्या सुटीत मी फोरमनला गाठलं. विचारलं, काल दुकानापुढे ती बाई नवऱ्याला काय म्हणाली?

तो आठवायला लागला. "काल? नथिंग माय फ्रेंड. शी सेड, गिव्ह मी द की. ओन्ली दॅट."

"बस? एवढंच?"

"एवढंच," त्याने हाताने खूण केली. "गिव्ह मी द की."

मी कप तसाच ठेवला आणि ऑफिसात गेलो. तिकिटाचा फॉर्म मागून घेतला. तिचं नाव, पासपोर्ट, शाळा उघडायच्या दोन दिवस आधीची तारीख, बहरीनहून नागपूर. सगळ्यांत खाली प्रवासाच्या कारणासाठी एक ओळ होती. लोक तिथे लग्न, आजारपण, काहीही लिहून देतात, कुणी तपासत नाही. मी पेन थांबवला आणि जसं होतं तसं लिहिलं : बायकोची नोकरी.